पोटासाठी बाटलेले

आमच्या नेवासे तालुक्यात ख्रिस्ती माणसाला मिळणारा टोमणा ठरलेला आहे. "पोटासाठी बाटले." माझ्या आज्यानं तो ऐकला, बापानं ऐकला, शाळेत मीही ऐकला.

धान्य होतं, हे खरंच. अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 पासून होतं. पण खेड्यापाड्यातले महार-मांग घोळक्यानं ख्रिस्ती व्हायला लागले ते 1876 च्या दुष्काळानंतर. मिशनच्या साहेबांनी धान्य दिलं, शाळा काढल्या. उपाशी माणूस देणाऱ्याच्या दारात जाणारच, त्यात लाज कसली? ज्यांच्या पेवात दाणे होते त्यांनी याला हसावं, हे मला पटत नाही.

आणि नुसत्या दाण्यानं धर्म बदलत असता तर 1972 साली अख्खा गाव बाटला असता. त्या दुष्काळात सगळ्यांनीच अमेरिकेची तांबडी मिलो खाल्ली, खडी फोडायच्या कामावर सुकडी खाल्ली. पाटलाच्या घरीही मिलोच्याच भाकरी होत्या. कोणी ख्रिस्ती झालं नाही.

शिकलेल्या माणसाचीही सुटका नव्हती. कवी ना. वा. टिळक चित्पावन ब्राह्मण. त्यांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यापुढं काही दाण्याचा प्रश्न नव्हता. तरी नातलग तुटले. लक्ष्मीबाईंनी 1900 साली बाप्तिस्मा घेतला. मधल्या वर्षांत त्यांनी काय सोसलं ते 'स्मृतिचित्रे'त आहे. पुस्तक वाचताना हसू येतं आणि मग आपण कशाला हसलो ते कळतं. टिळकांनी पुढं 1917 ला मिशनची नोकरीही सोडली.

टिळकांनी आम्हाला दिली ती गाणी. त्यांच्या आधी नगरच्या कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. टिळकांनी अभंग, भजनं लिहिली. साहेबाचा देव म्हणून हिणवलेला ख्रिस्त त्यामुळं टाळ-मृदंगावर आला. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण जात्यावर बसली की एकामागून एक भजन चालायचं. शेजारणी आधी तोंडाला पदर लावून हसायच्या. पुढं त्यांनाही चाली पाठ झाल्या.

पोटाचाच हिशेब करायचा तर 1950 पासून तो उलटा झाला. त्या वर्षीच्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढं 1956 ला शिखांना आणि 1990 ला बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्याला अजून नाहीत. म्हणजे धर्म सोडला तर फायदा, धरला तर तोटा. काहींनी कागदावर दुसरं लिहिलं आणि रविवारी देवळात येत राहिले. मी त्यांना नावं ठेवत नाही, पोरं शिकवायची होती.

माझ्या भावानं मात्र पोराच्या दाखल्यावर ख्रिस्तीच लिहिलं. फीपायी दोन वर्षांचा कांदा गेला. तो पुतण्या आता पुण्यात असतो, कुठलाच देव मानत नाही. मला सरळ विचारतो, "तात्या, हे सगळं खरं असतं का?" मी म्हणतो, "मला आहे." गावी आला की उपासनेला मागं येऊन बसतो. भजन म्हणत नाही, टाळ मात्र वाजवतो.