मरणोत्तर न्याय
मरणोत्तर न्याय : मनुष्याच्या ऐहिक आचरणाची मृत्यूनंतर तपासणी होऊन तदनुसार त्यास सुखदुःखात्मक गती प्राप्त होते, ही धार्मिक कल्पना. मृत्यूनंतर कोणत्या तरी स्वरूपात अस्तित्व उरते, ही समजूत अतिप्राचीन असून ती बहुतेक सर्व समाजांत आढळते. तथापि त्या अस्तित्वाचे स्वरूप मनुष्याच्या नैतिक वर्तनावर अवलंबून असते, हा विचार सर्वत्र व प्रारंभापासून आढळत नाही. मृताची स्थिती ठरविणारी दोन भिन्न तत्त्वे धर्मेतिहासात दिसतात : (१) मृताच्या वारसांनी केलेले अंत्यविधी व अर्पणे आणि (२) मृताने स्वतः केलेली कर्मे. बहुतेक धर्मांत ही दोन्ही तत्त्वे शेजारीशेजारी नांदतात आणि त्यांच्यातील विसंगतीतूनच अनेक महत्त्वाचे वाद उद्‌भवले आहेत.

न्यायाविना परलोक : प्राचीन मेसोपोटेमियात मृतांचा लोक हा भूमीखालील अंधारी व धूळमय प्रदेश मानला जाई. एरेश्किगल ही तेथील राणी. राजा, पुरोहित व सामान्य जन या सर्वांना तेथेच जावे लागे. गिल्गामेश महाकाव्याच्या बाराव्या इष्टिकेत मृतांच्या स्थितीचे वर्णन आहे. तीत ज्याचे पुत्र अधिक त्याची स्थिती अधिक चांगली, असा क्रम दिलेला आहे. पुत्रांकडून अन्नपाणी मिळत राहणे हे त्याचे कारण होय. पुण्यपापाचा हिशेब तेथे नाही. प्राचीन हिब्रूंचा ‘शेओल’ व होमरच्या काव्यांतील ‘हेडीझ’ हेही सामान्यतः असेच छायामय लोक होत.

प्राचीन ईजिप्त : मरणोत्तर न्यायाचे सर्वांत प्राचीन व सविस्तर चित्रण ईजिप्तमध्ये आढळते. पाचव्या राजवंशाचा अखेरचा राजा उनास (इ. स. पू. चोविसावे शतक) याच्या सक्कारा येथील पिरॅमिडच्या अंतर्भागात कोरलेले मंत्र हे तेथील परलोकविषयक वाङ्‌मयाचे ज्ञात असे सर्वांत जुने शिलांकित रूप असून ते राजापुरतेच आहेत. पुढे मध्य राज्याच्या काळात असे मंत्र अधिकाऱ्यांच्या शवपेटिकांवर लिहिले जाऊ लागले आणि नव्या राज्याच्या काळात मृतांचा ग्रंथ या नावाने प्रसिद्ध असलेल्या पपायरस-गुंडाळ्या ऐपत असलेल्या व्यक्तीस विकत घेता येऊ लागल्या. या ग्रंथाच्या १२५ व्या प्रकरणात न्यायसभेचे वर्णन आहे. मृताचे हृदय तराजूच्या एका पारड्यात व सत्याची देवता माआत हिचे पीस दुसऱ्या पारड्यात ठेवले जाते; कोल्ह्याचे शिर असलेला अनूबिस तराजू पाहतो, थॉथ नोंद करतो आणि ओसायरिस अध्यक्षस्थानी असतो. मृत व्यक्ती ४२ देवतांसमोर आपण अमुक पाप केले नाही असे क्रमाने सांगते. मापात खोट न करणे, कोणास न रडविणे, उपाशी न ठेवणे यांसारखी सामाजिक कर्तव्ये त्यांत येतात. हृदय जड ठरल्यास मगर, सिंह व पाणघोडा यांचे मिश्ररूप असलेली अम्मित ते खाऊन टाकते व त्या व्यक्तीचा कायमचा नाश होतो. ब्रिटिश म्यूझीयममधील आनी याचा पपायरस (इ. स. पू. सु. १२५०) हा या दृश्याचा प्रसिद्ध नमुना होय. मात्र याच ग्रंथात हृदयाने मालकाविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून मंत्रही दिलेला आहे. तो भुंगेऱ्याच्या आकाराच्या ताइतावर कोरून प्रेताच्या छातीवर ठेवीत. न्याय अटळ मानावयाचा आणि त्यातून सुटण्याचा उपायही बाळगावयाचा, ही द्विधा वृत्ती पुढे इतर धर्मांतही दिसते.

जरथुश्त्री धर्म : गाथांमध्ये उल्लेखिलेला ‘चिन्वत’ पूल हे या धर्मातील न्यायस्थान होय. मृत्यूनंतर आत्मा तीन दिवस देहाजवळ राहतो व चौथ्या दिवशी पहाटे पुलाकडे जातो, अशी श्रद्धा आहे. तेथे मिथ्र, स्रओष व रश्नू हे न्यायनिवाडा करतात. सदाचरणी व्यक्तीस तिची स्वतःची ‘दएना’ म्हणजे सदसद्‌वृत्ती सुंदर तरुणीच्या रूपात भेटते आणि पूल रुंद होतो; दुराचरणी व्यक्तीस तीच कुरूप स्वरूपात भेटते आणि पूल धारेसारखा अरुंद होतो. पापपुण्य समान असणाऱ्यांसाठी ‘हमिस्तगान’ हे मधले स्थान पहलवी ग्रंथांत सांगितले आहे. येथील नरक अनंतकालीन नाही. ‘फ्रशोकेरेती’च्या वेळी, म्हणजे सृष्टीच्या अंतिम नवीकरणाच्या वेळी, मृतांचे पुनरुत्थान होऊन दुष्टतेचा अंत होतो. मुंबईच्या पारशी समाजात चौथ्या दिवसाच्या पहाटेचा ‘चहारूम’ हा विधी या श्रद्धेशी निगडित आहे.

यहुदी, ख्रिस्ती व इस्लाम धर्म : सत्प्रवृत्त मनुष्य याच जन्मी सुखी होतो, या जुन्या हिब्रू श्रद्धेस इ. स. पू. दुसऱ्या शतकात मोठा धक्का बसला. सिल्यूसिडी राजा चौथा अँटायओकस याने इ. स. पू. १६७ मध्ये यहुदी धर्माचरणावर बंदी घातली आणि नियम पाळणाऱ्यांनाच प्राण गमवावे लागले. निष्ठावंतांच्या या मृत्यूंचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न तीव्र झाला. त्याच सुमारास रचल्या गेलेल्या डॅन्येलच्या ग्रंथात मृतांपैकी अनेकांचे पुनरुत्थान होऊन काहींना अक्षय जीवन व काहींना अक्षय अपकीर्ती लाभेल, अशी ग्वाही आढळते. पुढे फॅरिसी पंथाने पुनरुत्थान स्वीकारले, तर सॅड्यूसी पंथाने ते नाकारले.

ख्रिस्ती धर्माने पुनरुत्थान व अंतिम निवाडा ही तत्त्वे केंद्रस्थानी आणली. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात निवाड्याची कसोटी भुकेल्यास अन्न, परक्यास आश्रय व बंदिवानास भेट यांसारखी कृत्ये ही सांगितली आहे. स्वर्ग व नरक यांच्या जोडीस शुद्धीकरणाच्या अवस्थेची कल्पना मध्ययुगात दृढ झाली. १२७४ च्या लीआँ व १४३९ च्या फ्लॉरेन्स धर्मपरिषदांनी तीस अधिकृत रूप दिले. तेथील आत्म्यांची यातना जिवंत आप्तांच्या प्रार्थनांनी कमी होते, या श्रद्धेचे पर्यवसान पापदंडमाफीच्या पत्रांच्या विक्रीत झाले. मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये या विक्रीवर घेतलेले आक्षेप धर्मसुधारणेच्या चळवळीचा प्रारंभ ठरले. प्रॉटेस्टंट पंथांनी शुद्धीकरणाची कल्पना त्याज्य ठरविली. रोमन कॅथलिक पंथाने ट्रेंटच्या परिषदेत १५६३ मध्ये तिचा पुनरुच्चार केला. २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा स्मरणदिन गोव्यातील व वसईतील कॅथलिक समाज पाळतो.

इस्लाममध्ये कियामतच्या दिवशी कर्मे तराजूत तोलली जातात व प्रत्येकाच्या हाती त्याच्या कर्मांची नोंद दिली जाते. कोणीही दुसऱ्याचा भार वाहत नाही, हे कुराणाचे स्पष्ट प्रतिपादन आहे. हदीसमध्ये कबरीत प्रश्न विचारणारे मुन्कर व नकीर हे फिरिश्ते आणि नरकावरील ‘सिरात’ पूल यांचे वर्णन येते. ईश्वराच्या अनुज्ञेने प्रेषित श्रद्धावंतांसाठी रदबदली करील, ही श्रद्धाही रूढ आहे. मुअतझिला विचारवंतांनी मात्र महापाप्यांच्या बाबतीत ती ईश्वरी न्यायाशी विसंगत मानली.

भारतीय धर्म : ऋग्वेदातील यम हा न्यायाधीश नसून मृत्यूचा मार्ग प्रथम शोधणारा व पितरांच्या लोकात राज्य करणारा आहे. शतपथ ब्राह्मणात परलोकी मनुष्यास तराजूत घालतात, असा उल्लेख येतो. याच काळात परलोकीही पुन्हा मृत्यू येतो, ही ‘पुनर्मृत्यू’ची भीती व्यक्त होऊ लागली. बृहदारण्यक व छांदोग्य उपनिषदांत प्रवाहण जैवली या राजाने उद्दालक आरुणीस देवयान, पितृयान व पुनर्जन्म यांचे ज्ञान दिल्याची कथा आहे. कर्मसिद्धांतात न्यायाधीशाची गरज उरत नाही. कर्म आपले फळ स्वतःच देते. तथापि पुराणांनी यम, चित्रगुप्ताची वही, वैतरणी व विविध नरक यांची न्यायसभा पुनर्जन्माच्या जोडीस उभी केली.

जैन दर्शनात कर्म हे जीवास चिकटणारे सूक्ष्म पुद्‌गल असून नरकभूमी सात आहेत. जैन आचार्यांनी श्राद्धावर टीका केली आहे. बौद्ध धर्माने शाश्वत आत्मा नाकारूनही पुनर्भव मानला. मिलिंदपञ्ह या ग्रंथात एका दिव्यावरून दुसरा दिवा लावण्याच्या दृष्टांताने तो समजाविला आहे. मज्झिमनिकायातील ‘देवदूत सुत्ता’त यम मृतास विचारतो, की वार्धक्य, व्याधी व मृत्यू हे देवदूत तुला दिसले नाहीत काय. हाच यम बौद्ध धर्माबरोबर चीनमध्ये जाऊन नरकाच्या दहा राजांपैकी एक झाला व जपानमध्ये ‘एम्मा’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

कर्म आणि विधी : ज्याचे कर्म त्यालाच भोगावे लागत असेल, तर पुत्राने दिलेल्या पिंडाचा उपयोग काय, हा प्रश्न भारतात फार जुना आहे. येथे दिलेले अन्न परलोकी पोहोचत असेल, तर प्रवाशास शिदोरी देण्याचे कारण नाही, असा चार्वाकमताचा युक्तिवाद चौदाव्या शतकातील सर्वदर्शनसंग्रह या ग्रंथात नमूद आहे. महाराष्ट्रात दहाव्या दिवशी पिंडास कावळा शिवण्याची वाट पाहणे व भाद्रपदातील पितृपक्ष पाळणे, या रूढी आजही प्रचलित आहेत. आधुनिक काळात या प्रश्नास सामाजिक परिमाण लाभले. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताच्या मध्यस्थीविना धार्मिक विधी करण्याचा पुरस्कार केला; परलोकाच्या भयावर ऐहिक वर्चस्व उभारले जाते, हा त्यामागील आक्षेप होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धर्मांतराच्या प्रसंगी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा समाविष्ट आहे.

मरणोत्तर न्यायाच्या कल्पनेने दुर्बलांस आश्वासन व नीतीस आधार दिला. ऐहिक न्यायसंस्था जेथे अपुरी पडते, तेथे ही कल्पना विशेष बळावलेली दिसते. उलटपक्षी, प्रस्तुत दुःख हे पूर्वकर्माचे फळ होय किंवा त्याची भरपाई परलोकी होईल, असे मानल्याने ऐहिक अन्याय सोसण्याची वृत्तीही वाढीस लागली. तराजू, पूल व नोंदवही ही प्रतीके दूरदूरच्या संस्कृतींत पुनःपुन्हा आढळतात. त्यांतील काहींच्या मुळाशी परस्परसंपर्क असला, तरी सर्वांचे स्पष्टीकरण तेवढ्याने होत नाही. बाजारातील माप खरे असावे आणि दुर्बलाची तक्रार कोणी तरी ऐकावी, ही मानवाची ऐहिक अपेक्षाच त्या प्रतीकांतून परलोकावर प्रक्षेपित झालेली दिसते.