संमती आणि चौकशी : अमेरिकन सिनेटच्या परराष्ट्रसंबंध समितीपुढील व्हिएतनामविषयक साक्षी, १९६४ ते १९६८

परराष्ट्रव्यवहारावर विधिमंडळाने लक्ष ठेवावे, हे तत्त्व लोकशाही राष्ट्रांत सहसा कोणी नाकारीत नाही. परंतु संकटाच्या क्षणी ते बाजूला सारण्यासही सहसा कोणी कचरत नाही. अशा वेळी प्रश्न विचारणे म्हणजे राष्ट्राचे हात बांधणे, हा युक्तिवाद हटकून पुढे येतो. या युक्तिवादाची किंमत काय पडते, हे अमेरिकन सिनेटच्या परराष्ट्रसंबंध समितीने १९६४ ते १९६८ या काळात व्हिएतनामसंबंधी घेतलेल्या साक्षींवरून स्पष्ट होते. एकाच समितीने, एकाच अध्यक्षाच्या नेतृत्वाखाली, एकाच प्रश्नावर आधी घाईने संमती दिली आणि मागाहून दीर्घ चौकशी केली. या दोन कृतींच्या क्रमातच या प्रकरणाचे मर्म आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आणि सैन्याचे सेनापतिपद राष्ट्राध्यक्षाकडे सोपविले. तहांना व राजदूतांच्या नेमणुकांना सिनेटची मान्यता लागते. १८१६ साली स्थायी स्वरूपात अस्तित्वात आलेली परराष्ट्रसंबंध समिती ही या अधिकारांची रखवालदार मानली जाई. मंत्र्यांना व तज्ज्ञांना पाचारण करून त्यांची उलटतपासणी करणे, हे तिच्या हातातील मुख्य साधन. १९५९ पासून आर्कान्सा राज्याचे सिनेटर विल्यम फुलब्राइट हे तिचे अध्यक्ष होते.

२ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात 'मॅडॉक्स' या अमेरिकन विनाशिकेवर उत्तर व्हिएतनामच्या नौकांनी हल्ला केला. ४ ऑगस्टला 'मॅडॉक्स' व 'टर्नर जॉय' या दोन नौकांवर पुन्हा हल्ला झाल्याचे वृत्त आले. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी प्रतिहल्ल्याचा आदेश दिला आणि आक्रमणाच्या निवारणार्थ आवश्यक ते सर्व उपाय योजण्यास पाठिंबा देणारा ठराव काँग्रेसपुढे ठेवला. ६ ऑगस्टला परराष्ट्रसंबंध व सशस्त्र सेना या दोन समित्यांची संयुक्त बैठक बंद दाराआड भरली. परराष्ट्रमंत्री डीन रस्क, संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा आणि जनरल व्हीलर यांच्या साक्षी दोन तासांच्या आतच आटोपल्या. दक्षिण व्हिएतनामच्या नौकांनी त्याच सुमारास उत्तरेच्या बेटांवर केलेल्या छाप्यांशी अमेरिकन आरमाराचा काही संबंध होता काय, असा मर्मभेदी प्रश्न ऑरेगनचे सिनेटर वेन मोर्स यांनी विचारला. मॅकनमारा यांनी असा कोणताही संबंध साफ नाकारला आणि समितीने त्या उत्तरावर समाधान मानले.

सिनेटमध्ये ठरावाची धुरा फुलब्राइट यांनीच वाहिली. निवडणूक तोंडावर आली होती आणि बॅरी गोल्डवॉटर यांच्यापेक्षा जॉन्सन हेच संयमी, अशी फुलब्राइट यांची धारणा होती. युद्धाची व्याप्ती वाढविण्याचा हेतू नाही, असे ठरावातच नमूद करणारी दुरुस्ती सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी सुचविली. शासनाचे धोरण तिच्याशी सुसंगतच आहे, पण दुरुस्तीमुळे विलंब होईल, असे सांगून फुलब्राइट यांनी ती स्वीकारली नाही. ७ ऑगस्टला प्रतिनिधिगृहाने ४१६ विरुद्ध ०, तर सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी ठराव संमत केला. विरोधी मते मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रूनिंग यांची होती.

या संमतीचा अर्थ पुढे कार्यकारी सत्तेने लावला. मार्च १९६५ मध्ये उत्तर व्हिएतनामवर सातत्याने बॉम्बवर्षाव सुरू झाला आणि दानांग येथे सागरी सैनिक उतरले. वर्षअखेरीस अमेरिकन सैन्याची संख्या १,८४,००० च्या घरात गेली. औपचारिक युद्धघोषणा झाली नाही. दरम्यान एप्रिल १९६५ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकात अमेरिकेने सैन्य धाडले. त्या प्रकरणी समितीने बंद दाराआड साक्षी घेतल्या, तेव्हा शासनाने दिलेली कारणे टिकत नाहीत, अशी फुलब्राइट यांची खात्री पटली. सप्टेंबरमध्ये सिनेटमध्ये भाषण करून त्यांनी ते बोलून दाखविले आणि जॉन्सन यांच्याशी असलेला त्यांचा जुना स्नेह तुटला.

जानेवारी १९६६ मध्ये शासनाने पूरक परदेशी साहाय्याचे विधेयक आणले. त्यातील २७ कोटी ५० लक्ष डॉलर दक्षिण व्हिएतनामसाठी होते. विधेयक समितीकडे येताच फुलब्राइट यांनी त्याच्या निमित्ताने संपूर्ण युद्धनीतीच चर्चेला घेतली. २८ जानेवारीस रस्क यांच्या साक्षीने आरंभ झाला. फेब्रुवारीत जनरल जेम्स गॅव्हिन, जॉर्ज केनन व जनरल मॅक्सवेल टेलर यांच्या साक्षी झाल्या आणि १८ तारखेस रस्क पुन्हा समितीपुढे आले.

या साक्षीदारांच्या निवडीतच चौकशीचे बळ होते. गॅव्हिन हे दुसऱ्या महायुद्धातील नामांकित सेनानी. त्यांनी युद्ध वाढविण्याऐवजी किनाऱ्यावरील ठाणी तेवढी धरून ठेवण्याचा विचार मांडला. केनन हे तर साम्यवादाला बांध घालण्याच्या धोरणाचे प्रणेते. अमेरिका आधीच गुंतली नसती तर तेथे गुंतण्याचे कारण नव्हते, आणि चुकीची भूमिका धैर्याने सोडल्याने राष्ट्राची प्रतिष्ठा उणावत नाही, असे प्रतिपादन त्यांनी केले. या टीकाकारांना देशद्रोही म्हणणे कोणालाही शक्य नव्हते. उलट रस्क यांनी आग्नेय आशिया करारातील बांधिलकीवर आणि १९६४ च्या ठरावावर भर दिला, तर टेलर यांनी हे मर्यादित उद्दिष्टांचे मर्यादित युद्ध असल्याचे सांगितले. जनता लवकरच हे युद्ध धिक्कारील, असे मोर्स म्हणताच, हॅनोईला ही वार्ता सुखाची वाटेल, असे टेलर यांनी उत्तर दिले. प्रश्न विचारणाऱ्याच्या निष्ठेवरच शंका घेण्याचा जुना मार्ग भर बैठकीत उघड झाला.

दूरचित्रवाणीमुळे ही चौकशी घरोघरी पोहोचली. केनन यांची साक्ष दाखविण्याऐवजी सीबीएस या संस्थेने एका विनोदी मालिकेचा जुना भाग दाखविला, तेव्हा तिच्या वृत्तविभागाचे प्रमुख फ्रेड फ्रेंडली यांनी राजीनामा दिला. याच सुमारास जॉन्सन यांनी होनोलुलू येथे दक्षिण व्हिएतनामच्या नेत्यांची परिषद अकस्मात बोलाविली. लोकांचे लक्ष समितीवरून हटविणे हा तिचा एक हेतू होता, असे अनेक निरीक्षकांना वाटले.

तथापि या चौकशीचे तात्कालिक फळ तुटपुंजे होते. १ मार्च १९६६ रोजी टोंकिन ठराव रद्द करण्याची मोर्स यांची सूचना ९२ विरुद्ध ५ मतांनी बाजूला ठेवण्यात आली. रणभूमीवरील सैनिकांची रसद तोडल्याचा ठपका घेण्यास बहुतेक सभासद तयार नव्हते. ऑगस्ट १९६७ मध्ये तर उपपरराष्ट्रमंत्री निकोलस कॅटझेनबाख यांनी समितीपुढेच सांगितले की, हा ठराव आणि आग्नेय आशिया करार मिळून युद्धघोषणेचेच कार्य साधते.

२० फेब्रुवारी १९६८ रोजी समितीने मॅकनमारा यांना टोंकिनच्या घटनांबद्दल पुन्हा विचारले. साडेतीन वर्षांपूर्वी विचारावयास हवे होते तेच हे प्रश्न होते. ४ ऑगस्टचा हल्ला झालाच नव्हता, या निष्कर्षाला राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या इतिहासकाराच्या अभ्यासाने पुष्टी दिली. तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. टोंकिन ठराव जानेवारी १९७१ मध्ये रद्द झाला, पण युद्ध थांबले नाही. सेनापतिपदाचे अधिकार पुरेसे आहेत, अशी रिचर्ड निक्सन यांची भूमिका होती. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने युद्धाधिकारविषयक कायदा केला. तोवर सुमारे ५८,००० अमेरिकन सैनिक आणि लक्षावधी व्हिएतनामी माणसे प्राणांस मुकली होती.

यावरून चौकशी निष्फळ ठरते, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. १९६६ च्या साक्षींनी शंकेला प्रतिष्ठा दिली. युद्धविरोध हा केवळ विद्यापीठांतील तरुणांचा नाही, हे सामान्य नागरिकास दाखवून दिले. पण दिलेली संमती परत घेण्याचे सामर्थ्य त्यांत नव्हते. विधिमंडळाचा प्रश्न कृतीपूर्वी विचारला गेला तर तो लगाम ठरतो. कृतीनंतर विचारला तर इतिहासाचे साधन ठरतो. फुलब्राइट यांच्या समितीने इतिहासाचे अमूल्य साधन निर्माण केले, परंतु ६ ऑगस्ट १९६४ च्या सकाळी जो लगाम तिच्या हाती होता, तो तिने स्वतःच सोडून दिला होता.