पानांतलें मीठ आणि पुड्यांतली साखर

महाराष्ट्रीय पद्धतीनें पान वाढतांना पहिल्यानें मीठ वाढावयाचें असा प्रघात आहे. पानाच्या वरच्या बाजूस मधोमध चिमूटभर मीठ, त्याच्या शेजारीं लिंबाची फोड, मग डावीकडे चटणी-कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी. यांत शोभेचा भाग थोडा व व्यवहाराचा अधिक. स्वयंपाक करणारीनें बेतानें घातलेलें मीठ ज्याला कमी वाटेल त्यानें आपल्या बोटांनीं घ्यावें; ज्याला नको असेल त्यानें तें तसेंच राहूं द्यावें. किती खारट खावयाचें याचा निर्णय एकदां चुलीपाशीं व एकदां पानावर असा दोनदां होई, आणि दोन्ही वेळां तो घरांतच होई. गेल्या शंभर-सवाशें वर्षांत हा निर्णय हळूहळू घराबाहेर गेला. तो कोणाकोणाच्या हातांतून कसा गेला, ही हकीकत राजेरजवाड्यांच्या हकीकतींइतकीच मनोरंजक आहे. पुष्कळ ठिकाणीं तर ती राज्यांचीच हकीकत आहे.

साखर मूळची येथलीच. 'शर्करा' हा शब्द इराण-अरबस्तानच्या वाटेनें युरोपांत पोंचला आणि तिकडच्या बहुतेक भाषांत साखरेचें नांव होऊन बसला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत राजाच्या कोठारांतील जिनसांची जी यादी आहे तींत फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड व शर्करा अशीं पांच नांवें ओळीनें येतात. काकवीपासून शुभ्र दाण्यापर्यंतच्या या पायऱ्या दोन हजार वर्षांपूर्वी येथील लोकांना ठाऊक होत्या. त्याच ग्रंथांत मिठाच्या खात्यावर लवणाध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारी नेमलेला आहे, आणि एका पुरुषाच्या एका जेवणाचा शिधा सांगतांना वरणाच्या सोळाव्या हिश्शाइतकें मीठ असें प्रमाणहि दिलें आहे. मीठ सरकारच्या नजरेखालीं असावें ही कल्पना इंग्रजांनीं आणली नाहीं. त्यांनीं ती फक्त निष्ठुरपणें राबविली.

वैद्यांची दृष्टि अर्थातच निराळी. चरकसंहितेच्या विमानस्थानांत अतिरेकानें सेवन करूं नयेत असे तीन पदार्थ सांगितले आहेत: पिंपळी, क्षार आणि मीठ. बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधु व सौवीर या देशांतील लोक दुधांतहि मीठ घालून खातात, असें तेथें म्हटलें आहे. अशा लोकांचें मांस व रक्त शिथिल होतें आणि त्यांना क्लेश सोसवत नाहींत, असा त्यावर अभिप्राय आहे. रक्तदाब मोजण्याचें यंत्र निघण्यापूर्वी कित्येक शतकें कोणी तरी डोळसपणें शेजाऱ्यांच्या जेवणाकडे पाहत होतें, एवढें यावरून दिसतें.

परंतु हा उपदेश ज्यांना ऐकवावा असे लोक थोडेच. सामान्य माणसाच्या घरीं अतिरेक होण्याइतकी साखर कधीं येतच नसे. उन्हांतून आलेल्या पाहुण्यास गूळ-पाणी द्यावयाचें. साखर सणासुदीची व औषधाची. लग्न ठरलें कीं साखरपुडा होतो, म्हणजे पुडाभर साखर हीच त्या निश्चयाची साक्ष. श्रीमंताघरीं मुलगा झाला तर हत्तीवरून साखर वाटली असें अजून म्हणतात. जी वस्तु रोज सकाळीं डब्यांतून चमच्यानें निघते ती हत्तीवरून वाटण्याचें कोणास सुचणार नाहीं.

मिठाची गोष्ट याहून कठोर आहे. मुंबई इलाख्यांत 1837 सालीं जकाती उठवून त्यांच्या भरपाईकरितां मिठावर मणामागें आठ आणे कर बसविण्यांत आला. बंगालकडे तो कित्येक पटींनीं जास्त होता. आतां एकाच अंमलाखालीं दोन भाव असले म्हणजे स्वस्त मीठ महाग मुलखांत शिरणारच. तें अडविण्यासाठीं कंपनी सरकारनें व पुढें राणीच्या सरकारनें जें केलें तें आज खरें वाटणार नाहीं. सिंधु नदीपासून महानदीपर्यंत, सुमारे 2,300 मैल लांबीची एक जकातरेषा त्यांनीं देशाच्या अंगावर ओढली. 1869 च्या सुमारास तिच्यावर बारा हजारांच्या आसपास माणसें पहाऱ्यास होतीं. जेथें जमीन मानवली तेथें बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांचें जिवंत कुंपण लावलें; जेथें कांहीं रुजेना तेथें वाळक्या कांट्यांचे ढीग, दगडी भिंती नाहीं तर चर. या कुंपणावर मीठ आंत येतांना कर घेत आणि साखर बाहेर जातांना कर घेत. ज्या दोन पांढऱ्या दाण्यांचीं नांवें आज डॉक्टर एका दमांत घेतात, तीं पहिल्यानें एका दमांत घेतलीं तीं जकातदारानें.

या कुंपणाची मशागत ज्यांनीं मोठ्या हौसेनें केली त्यांत अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे एक होते. 1867 पासून 1870 पर्यंत ते या खात्याचे कमिशनर होते. पुढें 1885 सालीं राष्ट्रीय सभेच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे ते हेच. 1879 सालीं ही रेषा मोडली गेली, परंतु कर मोडला नाहीं. सर्व देशांत भाव जवळजवळ एक झाल्यामुळें कुंपणाची गरज उरली नाहीं, इतकेंच. 1888 सालीं हा कर मणामागें अडीच रुपयांवर गेला. मीठ पिकविण्यास लागणाऱ्या खर्चाशीं या आंकड्याचा कांहींच संबंध नव्हता.

1902 च्या मार्चमध्यें गोपाळ कृष्ण गोखले वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले. त्या भाषणांतील मिठाविषयींचा भाग आज निराळ्या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. कर चढल्यापासून मिठाचा खप खुंटला, तो दरडोई वर्षाला दहा पौंडांच्याहि खालीं आला आणि निरोगी राहण्यास तर माणशीं वीस पौंड लागतात असें वरिष्ठ वैद्यकीय मत आहे, असा गोखल्यांचा मुद्दा होता. वीस पौंड म्हणजे दिवसाला सुमारे 25 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास आज घालून दिलेली मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमांच्या आंत आहे! गोखल्यांना जो खप केविलवाणा वाटला तोहि हिशेबानें दिवसाला बारा ग्रॅमांजवळ जातो. मात्र तेवढ्यावरून गोखले चुकले असें म्हणणें उतावळेपणाचें होईल. त्या बारा ग्रॅमांत गुराढोरांचें मीठ होतें, लोणच्या-पापडांचें होतें, कोळ्यांच्या सुक्या मासळीचें होतें. आणि उरलेलें ज्याच्या पोटांत जाई तो दिवसभर उन्हांत घाम गाळीत असे. शिवाय सरासरी ही श्रीमंताचें ताट व गरिबाचें ताट एकांत एक ओतून काढतात. गोखल्यांचें भांडण गरिबाच्या रिकाम्या कोपऱ्याबद्दल होतें, आणि तें न्याय्य होतें. कर 1903 सालीं दोन रुपयांवर, 1905 सालीं दीड रुपयावर व 1907 सालीं एका रुपयावर आला.

पुढचा भाग सर्वांना माहीत आहे. 1923 सालीं कायदेमंडळाचा विरोध डावलून व्हाइसरॉयांनीं कर पुन्हां अडीच रुपये केला व वर्षभरांतच तो सव्वा रुपयावर उतरवावा लागला. 1930 च्या एप्रिलमध्यें दांडीस मूठभर मीठ उचललें गेलें. मे महिन्यांत शिरोडें व वडाळा येथील मिठागरांवर लोकांनीं लाठ्या खाल्ल्या. कर अखेर 1947 सालीं गेला. त्या दिवसापासून मीठ ही हिंदी माणसाला हवी तितकी मिळणारी वस्तु झाली.

साखरेचा दरवाजा याच्या आधींच उघडूं लागला होता, आणि तो समुद्राच्या बाजूनें. मॉरिशस बेटांत 1834 पासून उसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर करारानें जाऊं लागले. त्यांत रत्नागिरी-सातारा भागांतील मराठी माणसेंहि होतीं. त्यांचे वंशज आजहि तेथें मराठी शाळांतून शिकवितात. या माणसांच्या घामाची साखर गलबतांतून मुंबईस उतरे, आणि बाजारांत तिला नांव पडलें 'मोरस'. ती स्वच्छ, एकसारख्या दाण्याची व स्वस्त असे. मागाहून जावाची साखर आली. 1905 च्या स्वदेशीच्या चळवळींत परदेशी साखर वर्ज्य करतांना ती हाडांच्या कोळशानें शुद्ध करतात हें कारण पुष्कळांनीं पुढें केलें. कारण खोटें नव्हतें. परंतु तेव्हांहि वाद साखर कोठून येते व कशानें धुतात याचा होता, किती खावी याचा नव्हता.

1932 सालीं संरक्षक जकातीचा कायदा झाला. देशांत साखरेचे कारखाने तीसच्या आसपास होते, ते चार-पांच वर्षांत एकशें तीसच्या वर गेले. नीरा व प्रवरा या नद्यांच्या कालव्यांवर ऊंस आधींच उभा होता. बेलापूर कंपनीचा कारखाना त्याच बळावर निघाला होता. 1950 सालीं प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे-पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना सुरू झाला आणि दख्खनच्या कोरड्या मुलखाचें रूप पालटलें. ज्यानें कर्जाखेरीज दुसरें कांहीं पाहिलें नव्हतें त्याच्या मुलानें शाळा पाहिली. साखरेला आज दूषणें देतांना हें विसरणें म्हणजे खाल्ल्या साखरेला न जागणें होय.

पिकलेली साखर खपावीहि लागते. तिला वाट करून दिली ती चहानें. चहाच्या प्रसारासाठीं 1903 सालींच सरकारनें कायद्यानें पट्टी बसविली होती आणि त्या पैशांतून फुकट पेले वाटण्यापर्यंत प्रयत्न झाले. गुळाचा चहा साखरेच्या चहापुढें ओशाळा होऊन मागें सरला. (गुळाची बाजू घेणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, गूळहि बहुतांशीं साखरच, काळी असली तरी ती रक्तांत जाऊन पांढरीचेंच काम करते.) मग बिस्किटें आलीं, बाटल्यांतील पेयें आलीं, आणि 1991 नंतर पाकिटांचा पूर लोटला.

खरा पालट येथें झाला. पूर्वी साखर घरीं येई व मग पदार्थांत जाई. आतां पदार्थच साखर घेऊन घरीं येतो. देशांत आज दरडोई वर्षाला सुमारे वीस किलो साखर खपते, आणि तिच्यांतील निम्म्याहून अधिक मिठाईवाले, बिस्किटवाले व पेयवाले विकत घेतात. साध्या 330 मिलिलिटरच्या गोड पेयांत सुमारे 35 ग्रॅम, म्हणजे सात चमचे साखर असते. पाहुण्याच्या चहांत सात चमचे घालणाऱ्या यजमानिणीला लोक वेडी म्हणतील. तेंच पाहुणा बाटलींतून पितो व आणखी मागतो, कारण थंडपणा व आंबटपणा यांखालीं गोडी झांकली जाते. मिठाचेंहि तसेंच. पाव खारट लागत नाहीं, पण त्यांत मीठ असतें; गोड बिस्किटांतहि असतें. निरनिराळ्या पाहण्यांत हिंदी माणूस दिवसाला 8 ते 11 ग्रॅम मीठ खातो असें आढळलें आहे, म्हणजे मर्यादेच्या दीडपट-दुप्पट. आणि आतां त्यांतील पुष्कळ जण खुर्चीवर बसून, पंख्याखालीं. जास्तीचें मीठ शरीरांत पाणी धरून ठेवतें, रक्तवाहिन्यांवरील ताण वाढवितें, आणि हा ताण कित्येक वर्षें कसलीहि कुरकुर न करतां हृदय, मूत्रपिंड व मेंदू यांवर आपलें काम करीत राहतो. देशांतील मधुमेह्यांची संख्या 2023 सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दहा कोटींवर भरली. तिचें खापर एकट्या साखरेवर फोडणें शास्त्राला धरून होणार नाहीं. पण साखरेला निर्दोष सोडणेंहि होणार नाहीं.

या दोन दाण्यांनीं एकत्र येऊन केलेलें एक पुण्यकर्महि सांगितलें पाहिजे. 1971 सालीं पूर्व बंगालांतून आलेल्या निर्वासितांच्या छावणींत, बनगांव येथें, पटकीनें माणसें पटापट मरूं लागलीं व शिरेंतून देण्याचें सलाइन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनवीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यांत कालवून पिंपांत भरलें आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हातीं पेले दिले. आंतड्यांत साखरेचा हात धरून मीठ आंत शिरतें व त्यांच्यामागून पाणी, हें शास्त्रज्ञांनीं दहा-अकरा वर्षांपूर्वी ओळखलें होतें. छावणींत त्याची प्रचीति आली. मृत्यूंचें प्रमाण झपाट्यानें खालीं आलें. आज खेड्यांतील आईसुद्धां मूल जुलाबानें गळालें कीं मीठ-साखरेचें पाणी मोजून देते. तेथें तिचें माप चुकत नाहीं, कारण माप तिच्या हातांत असतें.

पाकिटावरहि माप छापलेलें असतेंच. तें बहुधा मिठाचें नसून सोडियमचें असतें आणि मिलिग्रॅममध्यें असतें. त्याला अडीचनें गुणावें तेव्हां मिठाचा आंकडा येतो. साखर दहा नांवांनीं लिहिलेली असते: कोठें डेक्स्ट्रोज, कोठें सिरप. अक्षर इतकें बारीक कीं ज्या वयांत तें वाचण्याची गरज लागते त्या वयांत तें दिसत नाहीं. 2024 च्या जुलैमध्यें अन्नसुरक्षा प्राधिकरणानें साखर, मीठ व संपृक्त चरबी यांचे आंकडे ठळक व मोठ्या टायपांत छापावेत या सूचनेस मान्यता दिली, आणि तिचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठीं पुढें मांडावयाचें ठरविलें.