बोअर मारलेल्या इंजिनाची हकीकत

विहिरीवरचे इंजिन ऑइल खाऊ लागले, निळसर धूर सोडू लागले, की आपण म्हणतो, ‘बोअर गेला.’ गेलेला बोअर परत आणण्याचा धंदा सातारा-सांगलीकडे कसा वाढला, ते आज सांगतो.

किर्लोस्करवाडीची गोष्ट तुमच्या कानावर असेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात हा कारखाना काढला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्यांच्या लोखंडाचे नांगर झाले. पण तोफ वितळली की घडवणाऱ्याची मेहनतही वितळते. बोअरच्या धंद्यात तसे नाही. तिथे क्रँकशाफ्ट क्रँकशाफ्टच राहतो.

साताऱ्यात 1922 मध्ये धनजीशा कूपर यांनी कारखाना सुरू केला. (हेच गृहस्थ 1937 मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले, तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत.) तिथून पुढे डिझेल इंजिने बाहेर पडली. आणि इंजिन आले की झीज आलीच.

आता ही झीज पाहा. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाशी, जिथे पिस्टनच्या रिंगा थांबून मागे फिरतात, तिथे उष्णता जास्त नि तेल कमी. तिथे तो अधिक खातो. शिवाय गोलाचा लंबगोल होतो. कारागीर तो पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा कापून पुन्हा गोल करतो आणि त्या मापाचा पिस्टन घालतो. क्रँकशाफ्टचे उलटे: तो घासून बारीक करायचा, बेअरिंग जाड घ्यायचे. कापायला जागा उरली नाही की स्लीव्ह बसवायची. सारा हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. शिक्षकबंधूंनी मुलांना स्क्रूगेज शिकवण्यासाठी एकदा अशा गॅरेजातच न्यावे. फळ्यावरच्या आकृतीपेक्षा ते बरे.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने होती, नवे सुटे भाग दुर्मीळ. पुणे-बंगळूर रस्त्यावर ट्रक वाढले, खंबाटकीचा घाट चढता चढता इंजिने तापू लागली. सातारा, कराड, सांगली, मिरज इथल्या लेथवाल्यांना काम मिळाले ते या टंचाईमुळे. एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. तिनेही पुढे स्वतःच्या कार्यशाळांत जुनी इंजिने नवी केली. तिथे गाडीही आपली, कारागीरही आपला. खोट निघाली तर दोष ढकलायचा कुणावर?

बाहेरच्या गिऱ्हाइकाचे मात्र तसे नाही. नुसता रंग मारलेला पंप आणि खरोखर मापात आणलेला पंप, दोन्ही वरून सारखेच दिसतात. फरक कळतो तो चैत्रात, उसाला पाणी चालू असताना. इंजिन जॅम झाले की पाण्याची पाळी गेली, पीक करपले. माझ्या मते या धंद्याला कौशल्य कधी कमी पडले नाही. कमी पडली ती मापाची चिठ्ठी. आधीचे माप किती, नंतरचे किती, पिस्टन कोणत्या साईजचा, मोजले कोणी, एवढे चार शब्द तुम्ही लिहून मागा.

नव्या गाड्यांनी तर पेच वाढवला आहे. 1 एप्रिल 2020 पासून बी.एस. सहाचे नियम लागू झाले. इंजेक्टरवर संगणकाचा ताबा, आणि धुळीचा कणही त्याला खपत नाही. त्यासाठी स्वच्छ खोली हवी, टेस्ट बेंच हवा. एका लेथच्या मालकाला हे परवडत नाही. पण ज्या जिल्ह्यांनी सहकारी साखर कारखाने उभारले, तिथल्या दहा लेथवाल्यांना मिळून एक टेस्ट बेंच घेता येणार नाही का?