निबंध वाचला, पुढे काय?

मंडळी, शाळेत मुलानं स्वतंत्र प्रकल्प केला की आपण त्याचं भाषण बसवतो. म्हणजे काय, तर पाठांतर, हातवारे आणि शेवटी 'धन्यवाद'. झाली तयारी! पण १८४८ साली मुंबईत ही तयारी वेगळ्या तऱ्हेनं होत होती.

त्या वर्षी एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनानं 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. आपण अभ्यास करून निबंध लिहायचा, सभेत वाचायचा, मग त्यावर चर्चा. बरं, इंग्रजीतलं घरच्यांना कसं कळणार? म्हणून ज्ञानप्रसारक सभेच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठीचे अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग. आता बघा, इंग्रजीत शिकलेलं मराठीत सांगायचं तर आधी ते आपल्याला नीट उमगलेलं हवं. तिथं घोकंपट्टी चालत नाही.

१८४९ मध्ये बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. तेव्हा प्रश्न उभा राहिला, की नुसतं बोलायचं की काही करायचं? त्याच वर्षी दादाभाई नौरोजी आदी तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि सुरुवातीला स्वतःच, विनावेतन शिकवलं.

तेव्हा शिक्षकहो, हातवारे मागाहून शिकवा. आधी मुलाला विचारा: हे तुला आजीला समजावून सांगता येईल का? आणि कुणी 'मग तू काय करणार?' असं विचारलं, तर तुझ्याकडे उत्तर आहे का?