गिनी कोंबडी व पंचांगुली कोंबडी : नाव, लक्षण आणि वंश

युरोप व अमेरिकेतील लहान शेतवाड्यांवर गिनी कोंबडी आणि जुन्या, आता दुर्मिळ झालेल्या जातींच्या कोंबड्या एकत्र पाळणारे लोक आज पुष्कळ आढळतात. आपले पक्षी रोमनांच्या काळापासून अखंड चालत आले आहेत, असे त्यांच्यापैकी कित्येक अभिमानाने सांगतात. या विधानाला आधार म्हणून एका पक्ष्याच्या बाबतीत त्याचे नाव पुढे केले जाते, तर दुसऱ्याच्या बाबतीत पायाचे पाचवे बोट. हे दोन्ही पुरावे तपासून पाहण्याजोगे आहेत.

गिनी कोंबडी मूळची आफ्रिकेची. ग्रीक लोक तिला ‘मेलेआग्रिस’ म्हणत. मेलेआग्रोस या वीराच्या मृत्यूने शोकाकुल झालेल्या त्याच्या बहिणी पक्षी झाल्या, अशी कथा त्या नावाशी जोडलेली आहे. इ. स. पू. ३७ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या कृषिग्रंथात व्हॅरो ‘आफ्रिकी कोंबडी’चे वर्णन करतो : आकाराने मोठी, ठिपक्यांची, पाठीला बाक असलेली. ग्रीकांची मेलेआग्रिस ती हीच, असे तो म्हणतो. रोमनांच्या पंक्तीत ती सर्वांत उशिरा आली, ती लोकांच्या जिभेचे चोचले वाढल्यामुळे, आणि दुर्मिळ असल्याने तिला किंमत भारी पडते, असा टोमणाही तो मारतो. इ. स. च्या पहिल्या शतकातील कोलुमेल्ला याची दृष्टी अधिक चिकित्सक आहे. आफ्रिकी अथवा नुमिडियाची कोंबडी मेलेआग्रिससारखीच असली तरी तिच्या डोक्यावरील शिरस्त्राणासारखा उंचवटा व तुरा तांबडा असतो, मेलेआग्रिसचा मात्र निळा, असा भेद तो नोंदवतो. आधुनिक प्राणिशास्त्राप्रमाणेही ईशान्य आफ्रिकेतील वंशाचे गळ्याशी लोंबणारे मांसल लोलक निळे व पश्चिमेकडील वंशाचे तांबडे असतात. तेव्हा रोमनांना दोन निरनिराळ्या मार्गांनी आलेले दोन वंश ठाऊक होते, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

आजची पाळीव गिनी कोंबडी मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतील वंशापासून उत्पन्न झालेली आहे. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासानंतर पश्चिम युरोपात या पक्ष्याचे उल्लेख अत्यंत विरळ होतात; पुढे पोर्तुगीज खलाशांनी गिनीच्या किनाऱ्यावरून तो पुन्हा आणला. आजचे नाव त्या किनाऱ्याचे आहे, रोमचे नव्हे.

जुन्या नावाची गत तर आणखी विचित्र झाली. सोळाव्या शतकाच्या आरंभी मेक्सिकोतून टर्की हा पक्षी स्पेनमध्ये आला आणि दोन परदेशी पक्ष्यांच्या नावांची सरमिसळ झाली. इंग्रजीतील ‘टर्की’ हे नाव प्रथम तुर्की मुलखातून येणाऱ्या गिनी कोंबडीला लावले जात होते व मागाहून अमेरिकी पक्ष्याला चिकटले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. फ्रेंचांनी त्याच पक्ष्याला ‘हिंदचा’ ठरवले, डचांनी कालिकतचा म्हणून ‘काल्कून’ म्हटले, तर पोर्तुगीजांनी ‘पेरू’. (मराठी वाचकाला या शेवटच्या नावाने फळच आठवावे, हे साहजिक आहे.) यांपैकी एकही देश त्या पक्ष्याची जन्मभूमी नव्हे. १७५८ मध्ये लिनीअसने तर टर्कीच्या प्रजातीलाच ‘मेलेआग्रिस’ हे नाव दिले. ग्रीक शब्द टिकला, पण त्याचा अर्थ समुद्रापलीकडच्या भलत्याच पक्ष्यावर जाऊन बसला. गिनी कोंबडीच्या शास्त्रीय नावात तो आज केवळ उत्तरपदी उरला आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण मोगल दरबारात सापडते. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या जिनसांत टर्की होता. जहांगीर आपल्या आत्मवृत्तात त्याचे बारकाईने वर्णन करतो, परंतु असे प्राणी पूर्वी पाहिले नव्हते व त्यांची नावेही कोणास ठाऊक नव्हती, असे सांगतो. उस्ताद मन्सूरने त्याचे चित्रही काढले. नाव नसूनही तेथे पक्षी निःसंशय ओळखता येतो.

आता पाचव्या बोटाकडे वळू. पाच बोटांच्या कोंबड्या सर्वांत कुलीन समजल्या जातात, असे कोलुमेल्लाने लिहिले आहे. इंग्लंडमधील डॉर्किंग या जुन्या जातीस पाच बोटे असतात. एवढ्यावरून ती रोमनांनी तेथे नेली, असे वारंवार लिहिले गेले आहे. परंतु दोहोंमधील शतकांचा दुवा जोडणारा पुरावा नाही. शिवाय हे लक्षण जनुकातील बदलामुळे उद्भवते आणि चीनकडील रेशमी पिसांच्या सिल्की कोंबडीतही ते आढळते. सिल्कीला कोणी रोमन म्हणत नाही. भाषांच्या अभ्यासात केवळ ध्वनिसाम्यावरून शब्दांचे कूळ ठरवणे जितके धोक्याचे, तितकेच हेही.

सातत्य शोधायचेच असेल तर ते पालनाच्या रीतीत अधिक सापडते. कोलुमेल्ला खुराडे चुलीला अथवा भट्टीला लागून बांधण्यास सांगतो, कारण धूर कोंबड्यांना मानवतो अशी त्याची समजूत आहे. दोनशे कोंबड्यांना एक राखणदार पुरे. मात्र भटकणाऱ्यांवर नजर ठेवण्यास एखादी कष्टाळू म्हातारी किंवा पोरगा हवा. नुमिडियाच्या कोंबडीचे संगोपन जवळजवळ मोरासारखेच, असे तो म्हणतो. मोराची पाच व कोंबडीची चार अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावीत, दहाव्या दिवशी कोंबडीची काढून तितकीच ताजी ठेवावीत, म्हणजे सर्व पिल्ले एकाच वेळी बाहेर पडतात, ही त्याची युक्ती. आजही गिनी कोंबडी आडोशाला अंडी घालते आणि तिची पिल्ले ओलाव्याने पटकन दगावतात. म्हणून तिची अंडी पुष्कळदा खुडूक कोंबडीखालीच उबवली जातात. कोंबडीच्या अंड्यास २१ दिवस लागतात, गिनीच्या अंड्यास २६ ते २८. दोन्ही एकत्र उबवू पाहणाऱ्यास गिनीची अंडी पाच-सात दिवस आधी ठेवावी लागतात.