वुडब्रिजची रिकामी गल्ली आणि नकाशावरची रेषा

इझलिनचा ओक ट्री रोड माहीत नाही असा मराठी माणूस न्यू जर्सीत सापडणं कठीण. मिठाई, साड्या, सोनं, शनिवारची पार्किंगची मारामारी, सगळं तिथेच. हे इझलिन वुडब्रिज टाउनशिपमध्ये येतं. त्याच टाउनशिपमध्ये, गाडीने पंधराएक मिनिटांवर, वॉटसन-क्रॅम्प्टन नावाची एक वस्ती आहे. साधी, मध्यमवर्गीय, बैठी घरं. 29 ऑक्टोबर 2012 च्या रात्री सँडी आलं, समुद्राचं पाणी नदी-नाल्यांतून उलटं आत चढलं आणि घरांत शिरलं. त्यानंतर न्यू जर्सी राज्याने ‘ब्लू एकर्स’ योजनेतून वुडब्रिजमधली शंभराहून जास्त घरं मालकांकडून विकत घेतली आणि पाडली. त्या प्लॉटवर आता पुन्हा कधीच घर बांधता येणार नाही.

पण ज्या घरांसाठी लोकांनी तीस-तीस वर्षांची कर्जं काढली, ती लोकांनी सरकारला विकून का टाकली? याचं उत्तर एका नकाशात आहे आणि त्या नकाशाचा इतिहास बराच जुना आहे.

सुरुवात विम्यापासून करू. आगीचा विमा हा सोपा धंदा. आग एका घराला लागते, हप्ते हजार घरं भरत असतात. पुराचं गणित उलटं. पाणी आलं की अख्खी गल्ली जाते आणि टेकडीवरचा माणूस पुराचा विमा घेतच नाही, घेतो फक्त नदीकाठचा. 1927 मध्ये मिसिसिपीला महापूर आला, त्यानंतर अमेरिकेतल्या खासगी कंपन्यांनी या धंद्यातून जवळपास अंगच काढून घेतलं. घराच्या साध्या विम्यात पूर धरलेला नसतो, हे अनेकांना पाणी ओसरल्यावरच कळतं. त्याचं मूळ इथे आहे. 1956 मध्ये काँग्रेसने पूरविम्याचा कायदा केला खरा, पण त्याला पैसेच दिले नाहीत. कायदा कागदावर राहिला.

मग सप्टेंबर 1965 मध्ये बेट्सी वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं. नुकसान एक अब्ज डॉलरच्या वर गेलं. अमेरिकेत एखाद्या वादळाने एवढं नुकसान करण्याची ही पहिली वेळ. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन तिथे पोचले. एका शाळेत आसरा घेतलेल्या लोकांना ते अंधारात, टॉर्चच्या उजेडात भेटले. त्यातून पूरविम्याचा अभ्यास सुरू झाला आणि 1968 मध्ये राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रम आला.

याच काळातलं एक नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे, गिल्बर्ट व्हाइट. हा भूगोलतज्ज्ञ 1940 च्या दशकापासून सांगत होता की पूर निसर्ग आणतो, पण नुकसान बरंचसं आपण घरं कुठे बांधतो यावर ठरतं. 1966 मध्ये त्याच्या अध्यक्षतेखालच्या समितीने इशाराही दिला होता की विमा चुकीच्या पद्धतीने दिला तर लोक धोक्याच्या जागी आणखी बांधतील. माझ्या मते पुढची पन्नास वर्षं हा इशारा अर्धाच ऐकला गेला. नव्या घरांवर उंचीचे नियम आले, पण जुन्या घरांना स्वस्त, सवलतीचा हप्ता मिळत राहिला.

शिवाय सुरुवातीला विमा ऐच्छिक होता. 1972 मध्ये अ‍ॅग्नेस वादळाने पेनसिल्व्हेनिया बुडवलं तेव्हा तो जेमतेम कुणाकडे होता. म्हणून 1973 चा कायदा आला: धोक्याच्या झोनमधलं घर आणि बँकेचं कर्ज असेल, तर पूरविमा सक्तीचा. इथून नकाशावरच्या रेषेला वजन आलं. रेषेच्या आत असाल तर हप्ता, बाहेर असाल तर सुटका.

झोनची अक्षरं घर बघायला जाताना उपयोगी पडतील. ‘ए’ आणि ‘एई’ म्हणजे दरवर्षी पुराची किमान 1 टक्का शक्यता. ‘व्ही’ आणि ‘व्हीई’ म्हणजे तेच, शिवाय तीन फूट किंवा त्याहून उंच लाटांचा मारा. ‘एक्स’ म्हणजे त्या रेषेबाहेर. या 1 टक्क्यालाच ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणतात आणि या नावाने फार गोंधळ घातलाय. शंभर वर्षांतून एकदा, म्हणजे आता आपली सुटका, असं लोकांना वाटतं. तीस वर्षांच्या कर्जाच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता 26 टक्के निघते. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीत लाल पूररेषा याच शंभर वर्षांच्या हिशोबाने आखतात, निळी पंचवीस वर्षांच्या. पण तिथे ती रेषा मुख्यतः बांधकाम परवानगीची. इथे ती दर महिन्याच्या खर्चातली.

आणि रेषा जुनी असली तर? सँडी आलं तेव्हा न्यू यॉर्क शहराचे नकाशे मूळ 1983 चे होते. त्यांत धोक्याचं क्षेत्र 33 चौरस मैल होतं, पाणी शिरलं 51 चौरस मैलांत. नवे नकाशे आले तेव्हा शहरानेच 2015 मध्ये हरकत घेतली की धोका जास्त दाखवलाय. 2016 मध्ये नकाशे पुन्हा करायचं ठरलं. हप्त्यांचंही तसंच. 2012 मध्ये सवलती कमी करणारा कायदा झाला, घरमालक भडकले, 2014 मध्ये काँग्रेसने बरीच माघार घेतली. 2005 च्या कत्रिनापासून कार्यक्रम कर्जात आहे. 2017 मध्ये 16 अब्ज डॉलर माफ करूनही वीस अब्जांहून जास्त कर्ज उरलं. 2021 पासून हप्ता फक्त झोनवर नाही, प्रत्येक घराचं पाण्यापासूनचं अंतर, उंची आणि पुन्हा बांधण्याचा खर्च बघून ठरतो. रेषा मात्र सक्तीसाठी अजून तीच.

तेव्हा वॉटसन-क्रॅम्प्टनच्या लोकांपुढे काय होतं ते बघा. घर खांबांवर उचला, किंवा वाढता हप्ता भरा, किंवा विका. राज्य सँडीच्या आधीची किंमत देत होतं. बरेच जण विकून गेले, काही राहिले. शेजार गेला.

हे फक्त घरमालकांचं नाही. 1 सप्टेंबर 2021 ला आयडाच्या पावसात न्यू यॉर्कमध्ये अकरा जण तळघरातल्या घरांत बुडून गेले. तिथे समुद्र नव्हता, गटारं तुंबली होती, आणि असलं पावसाचं पाणी हे नकाशे मोजतच नाहीत. मार्च 2024 पासून न्यू जर्सीत विकणाऱ्याला आणि भाड्याने देणाऱ्यालाही पुराचा धोका सांगावा लागतो. भाडेकरूच्या साध्या विम्यात पूर नसतो, सामानाची वेगळी पॉलिसी मिळते. पण ती सहसा घेतल्यापासून 30 दिवसांनी लागू होते, म्हणजे टीव्हीवर वादळाचा नकाशा दिसल्यावर घेऊन उपयोग नाही.